घरचे शब्द, कचेरीचे शब्द

सरांचा हात गळ्याशी गेला की वर्ग गप्प व्हायचा. डाव्या हाताने कॉलर सावरायची, उजव्या हाताने सदऱ्याचं सगळ्यात वरचं बटण लावायचं, मान ताठ करायची आणि म्हणायचं, "आता कचेरीचा शब्द." मग फळ्याच्या उजव्या बाजूला 'पोस्टपोन' उमटायचा. लगेच बटण सुटायचं, मान सैल पडायची. "आता घरचा." डाव्या बाजूला 'पुट ऑफ'. मधोमध खडूची एक उभी रेघ असायची, आणि ती पुसायची कोणाची हिंमत नव्हती.

हसू येतंय ना? मलाही यायचं. मी त्याच शाळेत मराठी शिकवत होते. त्यांच्या आणि माझ्या वर्गातली भिंत छतापर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळे त्यांची सगळी इंग्रजी वरून माझ्या वर्गात पडायची. मी अभंग शिकवायला लागले की पलीकडून तीस पोरं ओरडायची, "लुक इंटू, इन्व्हेस्टिगेट! गिव्ह अप, सरेंडर!" डावा शब्द मोठ्याने, तोंड उघडून. उजवा हळू आवाजात, ओठ आवळून. म्हणायची रीतही सरांनीच ठरवून दिली होती.

आमचं गाव म्हणजे आदिलाबाद जिल्ह्याचं टोक. पुढे पैनगंगा, नदीपलीकडे महाराष्ट्र. चहूकडे कापूस, आणि कापूस संपला की जंगल. गावात मराठी, बाजारात हिंदी, कचेरीत तेलुगू. इंग्रजी मात्र कोणाचीच नव्हती, म्हणून सगळेच तिला सारखे घाबरायचे. एक सर तेवढे घाबरत नव्हते, असं मला तेव्हा वाटायचं.

"मॅडम, इंग्रजी बोलणाऱ्याकडे दोन सदरे असतात," ते मला समजावून सांगत. "एक घरचा, एक कचेरीत घालायचा. आपली पोरं कचेरीतला सदरा घालून म्हैस धुवायला जातात, अन् घरच्या सदऱ्यात साहेबासमोर उभी रायतात. दोन्हीकडं हसं." मैत्रिणीला पत्र लिहायचं तर तापातून 'गॉट ओव्हर' व्हायचं, हेडमास्तरांना अर्ज लिहायचा तर 'रिकव्हर' व्हायचं. ताप एकच असायचा, फक्त बटण उघडं की बंद एवढाच प्रश्न.

पोरांनी हे सगळं घरोघरी नेलं. आया चुलीपाशी 'पुट आउट, पुट आउट' ऐकू लागल्या. बैल 'गेट अप'ने उठेनात तेव्हा पोरं त्यांना 'अराइज' म्हणून बघू लागली. सरांच्या घरी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, पदराने घाम पुसत म्हणायच्या, "यांची इंग्रजी ऐकून ऐकून आमची म्हैस मॅट्रिक झाली बाई." सर हसायचे, पण बाहेर कोणाची पावलं वाजली की बोलता बोलता थांबून कान देत. ही त्यांची सवय मला पहिल्यापासून खटकायची.

नववीत प्रणाली नावाची एक मुलगी होती. काळीसावळी, बोलकी, प्रश्नांनी जीव खाणारी. एकदा तिने विचारलं, "सर, रडाचा शब्द कोन्ता?"

सर म्हणाले, "ब्रेक डाउन. अगदी घरचा शब्द."

"अन् कचेरीत रडलं तं?"

मी माझा वर्ग थांबवून ऐकत राहिले. मग सर म्हणाले, "कचेरीत रडत नाहीत, बाळा." आणि त्यांनी फळा पुसला. रेघेसकट, हे मुलींनी मला नंतर सांगितलं.

ते असं का म्हणाले ते एकदा मधल्या सुट्टीत त्यांनीच सांगितलं. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे. कधीकाळी एक पडीक तुकडा त्यांनी दगड वेचून कसायला घेतला, तिथेच झोपडी टाकली. मग एक दिवस तहसीलचा माणूस आला आणि एकच शब्द बोलला, 'बेदखल'. "आमच्या बाले तो शब्दच समजला नाई. मोठा शब्द व्हता. बा त्याले म्हने, बसा, पानी घ्या. त्यानं पानी घेतलं. दुसऱ्या दिवशी झोपडी नव्हती." सर चहाच्या कपाकडे बघत होते. "तवापासून मले समजलं मॅडम. बारीक बारीक शब्द येऊन राह्यले तवरक आपन मानूस असतो. मोठा शब्द आला की आपलं काम झालं."

सरांची सगळी इंग्रजी या एका गोष्टीतून आली होती. ती त्यांनी शिकायची म्हणून शिकली नव्हती, पहारा द्यायला शिकली होती. हे कळल्यावर मला त्यांच्या बटणाचं हसू येईनासं झालं.

शाळेत पोरं कमी होत होती. ज्याच्या त्याच्या दारात पिवळी बस येऊन इंग्रजी माध्यमाला पोरं घेऊन जायची. राहिल्या होत्या बहुतेक मुली, कारण मुलाच्या फीसाठी बाप हात सैल सोडतो, मुलीसाठी सोडत नाही. अशात वरून मुआयना सुरू झाला. मुआयना म्हणजे तपासणी. निजामाच्या काळातला शब्द, आमच्याकडे अजून तोच चालतो. येणाऱ्या साहेबांना मराठी येत नसे, आमच्या हेडमास्तरांना साहेबांसमोर कुठलीच भाषा येत नसे. म्हणून मध्ये सर.

पहिले साहेब वयस्कर होते. चहा प्यायले, मुलींशी बोलले, जाताना म्हणाले, वी विल लुक इंटू इट, सी व्हॉट वी कॅन डू. सर त्यांना जीपपर्यंत सोडून आले तेव्हा त्यांचं बटण उघडं होतं. "घरचे शब्द आहेत," ते म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला.

पुढच्या वेळी तेच साहेब आले, पण 'असेस' आणि 'असर्टेन' असं बोलू लागले. सर भाषांतर करत होते आणि त्यांचा हात आपोआप गळ्याशी गेला. जीप गेल्यावर त्या वर्षी सहावीचे प्रवेश थांबले. त्यानंतरच्या खेपेला 'डिसकंटिन्यू' आला. मानधनावर विज्ञान शिकवणारी पोरगी पुढच्या आठवड्यापासून आली नाही.

मग काय, गावालाच सवय लागली. जीप गेली की पारावरची माणसं सरांच्या तोंडाकडे बघत नसत, गळ्याकडे बघत. कापसाच्या शेतातून एखादी बाई हाक मारून विचारायची, "सर, बटन लागलं का वो?" लोक हसत विचारायचे, पण उत्तर येईपर्यंत हातातलं काम थांबवून उभे राहायचे. मला तो प्रकार फार अशुभ वाटायचा. सगळ्या गावाचा जीव एका माणसाच्या सदऱ्यावर टांगलेला.

प्रणाली आता दहावीत होती, आणि तिच्या बापाने तर सरांना सरळ सांगून टाकलं होतं. "शाळा गावात हाय तवरक पोरगी शिकन. दहावी करन. बंद झाली तं मी तिले नाल्यापलीकडं धाडत नाई. जंगलाचा रस्ता हाय. अन् एक सोयरीक आली हाय, सांगून ठेवतो." मोठी शाळा चार किलोमीटरवर होती. वाटेत नाला, नाल्याच्या दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल. पावसाळ्यात तिकडे ऑटोवाला येत नाही. नदीपलीकडचे वाघ अधूनमधून अलीकडे येतात, एखादं वासरू जातं, हे आमच्याकडे नवं नाही.

पालकांनी ठरवलं की येत्या सोमवारी सगळ्यांनी जिल्ह्याला जायचं. आया, बाप, मुली, सगळ्यांनी. मोठ्या साहेबांसमोर बसायचं आणि शाळा राहील असं तोंडून वदवल्याशिवाय उठायचं नाही. टेम्पो ठरला. कापूस वेचायचे दिवस होते, तरी एक दिवस सगळे वेचणी सोडायला तयार झाले. हे आमच्या गावात सहसा होत नाही.

आणि त्याआधी, शनिवारी, नवे साहेब आले.

तरुण होते. जीन्स, पायात कॅनव्हासचे बूट. खुर्ची नको म्हणून मुलींच्या बाकावर बसले. प्रणालीच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तसे हसले. इंग्रजी बोलले, पण कशी? डोन्ट वरी. वी विल वर्क इट आउट. यू गाइज जस्ट कॅरी ऑन. सरांचा चेहरा उजळत गेला. भाषांतर करताना ते मध्येच मुलींकडे बघून डोळे मिचकावत होते, कारण शब्दामागून शब्द फळ्याच्या डाव्या बाजूचे येत होते. उजव्या बाजूचा एकसुद्धा नाही. मुलीही खूश. आपला धडा जिवंत होऊन बाकावर बसलाय, असं त्यांना वाटलं असणार.

मी मात्र त्यांच्या दुसऱ्या हाताकडे बघत होते. तो हात मोबाइलने फोटो काढत होता. पंख्यांचे, बाकांचे, पाण्याच्या टाकीचे. मुलींचा एकही फोटो काढला नाही.

मी सरांना ते सांगितलं. म्हणाले, "मॅडम, तुमी हात बघता, मी शब्द ऐकतो. एवढे शब्द घरचे असून मानूस परका कसा असन?"

संध्याकाळी पारावर लोक जमले. सर आले, कॉलर उघडी, मान सैल. "सोमवारी जायचं काम नाई," ते म्हणाले. "कापूस वेचा. मानूस आपला हाय."

"पक्कं का सर?" प्रणालीच्या बापाने विचारलं.

"शाळा बंद होत नाई," सर म्हणाले.

"तुमी म्हन्ता तं नाई जात."

टेम्पो रद्द झाला. सोमवारी सगळे वेचणीला गेले. मी वर्गात उभी राहून खिडकीतून बघत होते. कापसात वाकलेल्या पाठी, शांत दुपार. 

गुरुवारी हेडमास्तरांच्या फोनवर संदेश आला. चार ओळींचा. शाळा वाइंड अप होत आहे. मुलींना मोठ्या शाळेत शिफ्ट ओव्हर करा. शनिवारी लॉरी येईल, सामान लोड अप करा, किल्ल्या हँड ओव्हर करा. शेवटी थँक्स, आणि जोडलेल्या हातांचं पिवळं चित्र.

हेडमास्तरांनी फोन सरांच्या हातात दिला. सरांनी वाचलं, पुन्हा वाचलं. त्यांचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. बटण लावावं असा एकही शब्द त्यात नव्हता. सगळे घरचे. सरांनी जन्मभर ज्या दारावर पहारा दिला होता त्या दाराने कोणी आलंच नव्हतं. हल्लीच्या साहेबांना मोठ्या शब्दांची गरज उरलेली नाही, ते घरच्या सदऱ्यात येऊन हसत हसत घर मोडतात, हे त्यांना कोणी सांगायचं? मला तरी कुठे माहीत होतं!

शनिवारी लॉरी आली. पंखे उतरवले, बाकं चढवली. सर फाटकापाशी कोरड्या डोळ्यांनी उभे होते. किल्ल्या देताना सही केली, थँक यू म्हणाले. मी त्यांच्याबरोबर घरी गेले. ओट्यावर ते बसले तसे काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता घरी आहा ना? मंग रडा." आणि सर रडले. मोठा माणूस इतका रडतो तेव्हा कुठे बघावं कळत नाही. मी म्हशीकडे बघत बसले आणि तिथेच मीही रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते बटण उपटून टाकलं. सगळ्याच सदऱ्यांचं. गळ्याशी नुसता दोरा लोंबत असे. काकू सुई घेऊन मागे लागल्या तर म्हणाले, "राहू दे, त्याचा भरोसा गेला."

मला भैंशाकडच्या शाळेत पाठवलं. सरांनाही इंद्रवेल्लीकडची शाळा मिळाली होती. निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता, जाऊन खुर्ची उबवली असती तरी चाललं असतं. ते गेले नाहीत. आधीच निवृत्ती मागून घेतली आणि थेट प्रणालीच्या दारात जाऊन उभे राहिले. काकूंनी मला नंतर सांगितलं.

"मी चुकलो," सर तिच्या बापाला म्हणाले. "मी चुकलो तं पोरीनं काऊन भोगावं? मी नेतो तिले. सगळ्याइलेच नेतो. रोज नेईन, रोज आनीन."

"अन् वाघ आला तं?"

"वाघ मागच्याले धरते म्हन्तात. मागं मी रायीन."

 बाप म्हणाला, "तुमी जाता तवरक जाईन ते. तुमी थांबले का थांबन."

दिवाळीच्या सुट्टीत मी गावात आले होते; मोठी शाळा उघडली तेव्हा मुद्दाम एक दिवस जास्त राहिले आणि त्यांच्याबरोबर चालत गेले. सकाळची थंडी, बैलगाडीची वाट, मुलींची रांग, सगळ्यात पुढे प्रणाली. गावाच्या शेवटच्या घरापाशी सर थांबत, सगळ्या मुली पुढे जाऊ देत, आणि मग स्वतः शेवटी चालू लागत. हातात काठी. मागून त्यांचा आवाज, "कीप अप! डोन्ट फॉल बिहाइंड!" नाल्यापाशी, "लुक आउट, शेवाळ आहे!" डाव्या बाजूचे सगळे शब्द आता त्या वाटेवर कामाला लागले होते. उजव्या बाजूचा एकही त्यांनी तोंडातून काढला नाही.

नाल्याच्या ओल्या वाळूत ठसे होते. गोल, रुंद, ताजे. मुलींनी पाहिले, मीही पाहिले.  रानात एक पक्षी ओरडत होता, तो थांबला. प्रणालीने वळून विचारलं, "सर, वाघ आला तं घरचा शब्द का कचेरीचा?"

"तवा मराठीतच वरडा," सर म्हणाले.

मुली खळखळून हसल्या. मलाही हसू आलं. आणि मागे सरांचा श्वास मला ऐकू येत होता, फुटक्या भात्यासारखा. चढावर ते थांबले. हात गळ्याशी गेला, तिथे बटण नव्हतं, मग खाली छातीवर आला.

"डॉक्टरला दाखवा," मी म्हटलं.

"दहावी होऊ द्या मॅडम. तवरक आय विल गेट बाय."

"सर, मी गंमत करत नाही."

"मीबी नाई," ते म्हणाले. मग मुली पुढे गेल्या म्हणून त्यांनी पाऊल उचललं.

पळस फुलायला लागले होते तेव्हा फोन आला. मुलींना आणायला सर दुपारी नाल्यापर्यंत जाऊन बसायचे. त्या दिवशीही गेले होते. मुली परत आल्या तेव्हा ते पळसाला टेकून बसलेले होते, काठी मांडीवर आडवी. प्रणालीला वाटलं डोळा लागला. तिने दोनदा हाक मारली, "सर, गेट अप." मग हात लावला.

दोघी गावाकडे धावत सुटल्या. बाकीच्या तिथेच बसून राहिल्या, सरांच्या भोवती. ऊन उतरत होतं, जंगल जवळ होतं, वाळूत ठसे होते. गावातली माणसं येईपर्यंत एकही पोरगी जागची हलली नाही. 

सरांच्या पुण्यानुमोदनाला सगळा गाव होता. बुद्धवंदना झाली, लोक बोलले, रडले. प्रणालीचा बाप एका कोपऱ्यात बसून जमिनीकडे बघत होता. जेवणं झाल्यावर तो उठला आणि कोणाकडेच न बघता म्हणाला, "आता मागं कोन रायीन?"  दहावीच्या परीक्षेला अजून अवकाश होता.

मी त्या रात्री काकूंकडेच राहिले. सकाळी ओट्यावर उभी होते. काकू आत होत्या, त्यांना बाहेर यायचं धाडस होत नव्हतं. शाळेची वेळ झाली तशा मुली एकेक करून घरातून निघाल्या. प्रणालीही निघाली. तिचा बाप दारात उभा होता. त्याने तिला थांबवलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

शेवटच्या घरापाशी, सर थांबायचे तिथे, मुली आपोआप थांबल्या. रांग लावायला गेल्या आणि लागेना. कोणीतरी शेवटी राहायला हवं होतं, आणि जी शेवटी येई ती पुढे सरके. पुढच्या मागे बघत होत्या. मी ओट्यावरून बघत होते.

मग प्रणालीने शेजारचीचा हात धरला. तिने पुढचीचा. बघता बघता सगळ्या एका ओळीत उभ्या राहिल्या, वाटेच्या या कापसापासून त्या कापसापर्यंत, खांद्याला खांदा लावून. कोणी पुढे नाही, कोणी शेवटी नाही. तशाच त्या चालू लागल्या.

प्रणालीचा बाप अजून दारातच होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हळूच चपला पायात सरकवत होता, की काढत होता, मला तेवढ्या अंतरावरून कळलं नाही.

वळणापर्यंत मुलींच्या पाठी दिसत होत्या. त्यांच्या मागची वाट रिकामी होती.